विकर्स की हॉचकिस?

भाचा पहिल्या महायुद्धातल्या खंदकाचं मॉडेल करतोय. त्यात मशीनगन ब्रिटिश विकर्स ठेवू की फ्रेंच हॉचकिस, यावर अडलाय.

खरा फरक नळी थंड ठेवण्यात आहे. १९१२ची विकर्स पाण्यावर चाले. नळीभोवतीच्या जाड आवरणात सुमारे ४ लिटर पाणी. सलग ६००-एक गोळ्या झाडल्या की ते उकळायचं, वाफ रबरी नळीतून डब्यात उतरून पुन्हा पाणी व्हायची. ही सोय मला फार आवडते: पाणी वाचतं आणि वाफेचा ढग न उठल्यामुळे शत्रूला जागा कळत नाही. १९१४ची हॉचकिस हवेवर थंड होई. नळीवरच्या पाच जाड कड्यांवरून ती लगेच ओळखू येते.

गोळ्या भरण्यात विकर्सच सरस. तिचा कापडी पट्टा २५० गोळ्यांचा, हॉचकिसची धातूची पट्टी साधारण २४ची. भरणाऱ्याला उसंतच नाही.

वजनात दोन्ही अवजड, नुसती हॉचकिसच २४ किलोच्या आसपास.

तासन्‌तास एकाच जागेवरून मारा दाखवायचा असेल, तर विकर्स घे आणि पाण्याचा डबा विसरू नकोस. पाण्याची ददात असलेलं ठाणं, फ्रेंच किंवा १९१८मधली अमेरिकन तुकडी दाखवायची असेल, तर हॉचकिस.