पाणी शुद्धीकरणाचा गाळ परत वापरायचाय? बॅकवॉश, शेत, वीट की तुरटी परत काढायची

गाळाचं काय करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी वाहतुकीचा खर्च काढतात, मी म्हणेन आधी गाळात काय काय अडकलंय ते बघा, पाण्यातून जे काढलं ते सगळं इथेच येऊन बसलंय ना.

बॅकवॉशचं पाणी (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्यावर निघणारं) परत प्लांटच्या तोंडाशी सोडणं सगळ्यात सोपं, पाणीही वाचतं. पण भीती जंतूंची. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या परजीवीच्या सिस्ट (टणक कवचातली अवस्था) ४ ते ६ मायक्रॉनच्या, क्लोरीनला दाद देत नाहीत, आणि फिल्टरने पकडलेल्या त्याच सिस्ट आपण पुन्हा पाण्यात घालतोय. म्हणून आधी निवळू द्या, मग कोअ‍ॅग्युलंट (तुरटीसारखं, गढूळपणा गोळा करणारं रसायन) टाकायच्या आधी सोडा म्हणजे सगळ्या प्रक्रिया परत होतील (अमेरिकेत २००१ च्या नियमाचा रोख हाच आहे), आणि हळूहळू सोडा, भसकन टाकी रिकामी केली की डोसिंग (रसायनाचं प्रमाण) बोंबललंच. गाळ तळाशी फार दिवस पडला तर ऑक्सिजन संपून मँगनीज सुटतं, तेही याच पाण्यातून फिरून येतं.

शेतात टाकायचा तर लोक अ‍ॅल्युमिनियमला घाबरतात, पण मातीचा पीएच ५.५ च्या वर असेल तर ते फारसं विरघळत नाही. खरी अडचण स्फुरदाची, तुरटीचा गाळ तो इतका घट्ट धरतो की पिकाला मिळतच नाही. जिथे स्फुरद जास्त होऊन तळ्यात वाहून जातोय तिथे मात्र हाच गुण कामाचा. फेरिकचा गाळ (तुरटीऐवजी लोहाचं रसायन वापरलेल्या प्लांटचा) पाणी साचणाऱ्या जमिनीत नको, ऑक्सिजन गेला की लोह विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिकही सुटतं. आर्सेनिक काढणाऱ्या प्लांटचा गाळ तर कुठल्याच शेतात नको, यावर मी वाद घालणार नाही.

विटेत घातला तर सेंद्रिय भाग जळतो, बरेचसे धातू आत अडकतात, पण आर्सेनिक थोडं धुरातून उडू शकतं आणि गाळ जास्त झाला की वीट आकसते. लीचिंग टेस्ट (पाण्यात काय झिरपून बाहेर येतं ते बघणारी चाचणी) नुसत्या गाळाची नको, भाजलेल्या विटेचीही करा.

आम्ल घालून तुरटी परत काढणं ऐकायला भारी वाटतं, पण त्या पीएचला सेंद्रिय पदार्थ आणि जड धातूही सोबत विरघळतात, मग क्लोरीन लागला की त्या सेंद्रिय पदार्थांपासून ट्रायहॅलोमिथेन ही घातक संयुगं तयार होतात. मेम्ब्रेनने (अगदी बारीक गाळणाऱ्या पडद्याने) वेगळं करणार नसाल तर ती तुरटी सांडपाण्यातला स्फुरद काढायलाच ठेवा.

आणि सॅम्पल गढूळ पाण्याच्या दिवसातलंही घ्या, एकाच रिपोर्टवर वर्षभराचा निर्णय नको.