पडदे काढलेली गिटार

गेल्या महिन्यात नाशिकहून एका मुलाचा फोन आला. नंबर अनोळखी. "काका, तुम्ही ती फ्रेंच फ्रेटलेस घेतलीत ना? कशी वाजते?"

मी विचारलं, माझा पत्ता कसा लागला? तर म्हणाला, विकणाऱ्यानं तुमचा फोटो पाठवलाय, समाधानी गिऱ्हाईक म्हणून. मागच्या भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आहे, त्यावर शाखेचा फोन आहे. तिथं विचारलं, "तुमच्याकडे गिटार वाजवणारे साहेब कोण?"

फोटो माझाच. दारात आलेलं लांबडं खोकं कवेत धरून दात काढून उभा आहे. ज्या दिवशी खोकं आलं त्याच दिवशी, ते उघडायच्या आधी, आनंदाच्या भरात मीच तो त्या माणसाला पाठवला होता. तो फोटो आता त्याच्या धंद्याला लागलाय हे मला त्या मुलाकडून कळलं.

म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर गप्पच राहणार होतो. बँकेत सव्वीस वर्षं नोकरी, 'ओटीपी कुणालाही सांगू नका' ही पाटी माझ्याच खुर्चीमागे. अशा माणसाचे 1,83,500 रुपये गेले हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

आधी हे वेड काय आहे ते सांगतो. गिटारच्या दांडीवर आडव्या तारा ठोकलेल्या असतात, ते फ्रेट, आपल्या सतारीच्या भाषेत पडदे. ते काढले की फ्रेटलेस. मग मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी तशी घेता येते, कोमल ऋषभ मारव्याचा वेगळा आणि भैरवचा वेगळा लावता येतो. बास गिटारमध्ये हे जुनं आहे. अमेरिकन बासवादक जाको पॅस्टोरियसनं 1962च्या फेंडर जॅझ बासवर पडद्यांविना जे केलं, ते ऐकूनच आमच्या पिढीतल्या अनेकांनी पक्कड हातात घेतली. त्यानं लाकडावर बोटींना लावतात तो इपॉक्सीचा थर दिला होता, कारण राउंडवाउंड, म्हणजे वरून बारीक तार गुंडाळलेल्या खरबरीत, तारा उघडं लाकूड खाऊन टाकतात. मीही 1999 साली एका स्वस्तातल्या गिटारचे पडदे उपटले, खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या भरल्या. वाजायची. पण बासची तार जाड, तिचा नाद टिकतो. सहा तारांच्या गिटारवर वरच्या बारीक तारा बोटाच्या मांसाखाली दोन क्षणांत मरतात. यमनचा निषाद लावायचा आणि षड्जावर पोचेपर्यंत आवाजच संपलेला, अशी गत.

याला उपाय सरोदवाल्यांनी कधीच काढलाय: खाली पोलादी पट्टी आणि वर नखाची कड. गिटारमध्ये तो धातूच्या पट्टीचा मार्ग फ्रान्समधल्या व्हिजिए कंपनीनं धरला. त्यांच्या सर्फ्रेटर नावाच्या फ्रेटलेसला धातूची फिंगरबोर्ड असते. बंबलफूट या नावानं वाजवणारा रॉन थाल याच कंपनीची गिटार वाजवतो, त्याच्या दोन दांड्यांच्या गिटारची एक दांडी बिनपडद्याची आहे. नवी सर्फ्रेटर इथं आणायची तर सगळं धरून तीन लाखांच्या पुढे. मुलीचं इंजिनिअरिंग चालू असताना असला विषय घरात काढायचीही सोय नव्हती.

आणि मग ओळखीच्या एका तबलजीनं पुढे ढकललेला मेसेज आला. बेंगळुरूचा कुणी स्टुडिओत वाजवणारा, कॅनडाला निघालाय, सर्फ्रेटर विकायचीय, 1,65,000.

माणूस बोलायला गोड. पहिल्या फोनवर त्यानं पैशाचं नावच काढलं नाही. तुर्की गिटारवादक एर्कान ओउरनं 1976 साली क्लासिकल गिटारचे पडदे कसे काढले, तुर्की मकाममधले, म्हणजे त्यांच्या रागांतले, सूर पडद्यांत कसे बसत नव्हते, यावरच अर्धा तास. मी त्याला सांगितलं की मी रागदारी वाजवतो. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ हजर: मांडीवर चकचकीत धातूची फिंगरबोर्ड आणि यमनची आलापी. मध्यमावरून पंचमावर अशी मींड की माझ्या अंगावर काटा आला. बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण हा माणूस वाजवताना हाताकडे का बघत नाहीये?" मी म्हटलं, तयारीचा आहे.

तिला संगीतातलं काही कळत नाही असं मी वीस वर्षं म्हणत आलोय.

पंचवीस हजार टोकन यूपीआयवर दिलं. समोर नाव दिसलं ते कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं. विचारल्यावर म्हणाला, मेव्हण्याचं खातं आहे, माझं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं खातं, करायला टाकलंय. मी बँकवाला, एनआरओ शब्द ऐकून मलाच बरं वाटलं. म्हणजे आमच्याच बोलीतली थाप. चार दिवसांनी उरलेले 1,40,000, तिसऱ्याच खात्यात. गिऱ्हाइकानं असा व्यवहार विचारला असता तर मी त्याला खुर्चीत बसवून समजावलं असतं.

मग आले सायटिसचे, म्हणजे संरक्षित प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कागदांचे, 18,500. गिटारमध्ये रोझवूड आहे, ते संरक्षित लाकूड आहे, कागद नसतील तर कुरिअर वाटेत अडकेल, अनामत भरा, पोचल्यावर परत मिळेल. यातला थोडा भाग खरा आहे आणि तीच मेख आहे. 2017च्या जानेवारीत रोझवूडच्या सगळ्या जाती सायटिसच्या यादीत आल्या आणि वाद्यं बनवणाऱ्यांची खरंच पळापळ झाली. पण 2019च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. आणि मुळात सायटिस लागतं ते देशाची हद्द ओलांडताना. आपला सीमाप्रश्न कितीही जुना असो, बेंगळुरूहून बेळगावमार्गे मिरजेला यायला आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही. हे मला पैसे भरल्यावर अकराव्या दिवशी सुचलं.

गिटार मात्र आली. इथंच बरेच जण चुकतात, मीही चुकलो. फसवणूक म्हणजे पैसे घेऊन माणूस गायब, अशी आपली समजूत. त्यामुळे खोकं दारात आल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली. फोटो काढला, पाठवला, कुरिअरच्या मुलाला 'माल सुस्थितीत मिळाला' म्हणून सही दिली. उघडतानाचा व्हिडिओ काढला नाही. संध्याकाळी उघडली. वजन हाताला जरा हलकं लागलं, पण चकाकी बघून भान हरपलं. तारा लावल्या, सुरात आणल्या. तिसऱ्या स्थानापर्यंत ठीक, पुढे तार पट्टीवर ठिकठिकाणी टेकून फरफर करायला लागली. चांगल्या फ्रेटलेसलाही एक गोड घरघर असते, तानपुऱ्याच्या जवारीसारखी. तार पृष्ठभागाला अगदी तिरपी निसटती लागते म्हणून येणारी. ही तशी नव्हती. ही पत्र्याच्या छपरावरच्या पावसासारखी होती.

विकणारा म्हणाला, प्रवासात हवामान बदललं, आठ दिवस स्थिरावू द्या. आठ दिवस मी ती कपाटात स्थिरावू दिली. तोवर त्याचा फोन लागेनासा झाला.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, सतारी आणि तानपुरे करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं आहेत. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथले एक चाचा माझ्या जुन्या गिटारची घोडी घासून द्यायचे. त्यांच्याकडे नेली. त्यांनी इलेक्ट्रिक भागाकडे बघितलंही नाही. अंगठ्याच्या नखानं दांडीवर टकटक करत वरपासून खाली गेले. मधे दोन ठिकाणी आवाज पोकळ आला. "साहेब, खाली हवा आहे," म्हणाले. "लाकूड आणि पत्रा एकत्र नाही बसलेला. उन्हात पत्रा वाढतो, लाकूड नाही वाढत तेवढं. उठणारच."

मग पातळ पातं कडेनं सरकवलं. मी म्हटलं सांभाळून हं, लाखाची आहे. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पट्टीची कड वर आली. खाली पिवळट अरल्डाइट, त्याखाली काळसर लाकूड आणि त्यात ओळीनं खाचा, लाकडाचा भुसा आणि डिंक भरून बुजवलेल्या. म्हणजे कुठल्यातरी साध्या गिटारचे पडदे उपटून, खाचा भरून, वर स्टीलचा पत्रा चिकटवलेला. पत्र्यानं उंची वाढली म्हणून दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या आडीखाली प्लॅस्टिकचा तुकडा. डोक्यावरचं नाव स्टिकरचं, वर लाखेचा हात. चाचांनी तेही नखानं खरवडून दाखवलं.

शेवटी दांडीच्या टोकाचं छोटं झाकण काढलं. आत दांडी सरळ करायचा लोखंडी रॉड, त्याचा नट. तो बघून मी तिथंच ओट्यावर बसलो. व्हिजिएच्या दांडीत तो रॉड नसतोच. नव्वद टक्के लाकूड आणि दहा टक्के कार्बन अशी त्यांची रचना आहे आणि ती त्या कंपनीची ओळख आहे. हे मला माहीत होतं, मीच कितीतरी जणांना ऐकवलं होतं. झाकण मात्र विकणाऱ्यानं पाठवलेल्या पहिल्याच फोटोत स्पष्ट दिसत होतं.

घरी येऊन यमनचा व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाज बंद करून. पडदे असलेल्या गिटारवर बोट पडद्याच्या थोडं मागे ठेवतात, सूर पडदा ठरवतो. फ्रेटलेसवर पडदा नाही, तेव्हा बोट नेमकं त्या जागेवरच पडायला हवं, कारण सूर बोटच ठरवतं. साडेपंचवीस इंची गिटारवर बाराव्या स्थानाजवळ एका पडद्याची, म्हणजे अर्ध्या सुराची, जागा जेमतेम अठरा मिलीमीटर. तिथं बोट पाच मिलीमीटर मागे पडलं तर सूर सत्तावीस सेंटनं उतरतो (अर्ध्या सुराचे शंभर सेंट), म्हणजे एका प्रमाणश्रुतीहूनही, सगळ्यात लहान श्रुतीहूनही, जास्त. कुणाचाही कान पकडेल. व्हिडिओत पत्र्यावर पडद्यांच्या जागी रेषा ओढलेल्या होत्या आणि त्या माणसाची बोटं दर वेळी रेषेच्या मागे, पडदेवाल्या सवयीनं. तरी सूर मात्र काचेसारखा. वाजवणारा वेगळा होता, हात वेगळे. हाताकडे तो बघत नव्हता, कारण बघायची गरजच नव्हती.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण टोकन देऊन तोवर एकोणीस दिवस झाले होते. पैसे पुढच्या खात्यांत पांगलेले, एका खात्यात 2,340 रुपये गोठवता आले. हा फोन पहिल्या काही तासांत करायचा असतो, हे मी इतरांना सांगत असे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "वस्तू मिळाली ना?" मिळाली. "मग पसंत नाही असं म्हणा." खोकं पाठवण्यामागची अक्कल तेव्हा ध्यानात आली: काहीतरी हातात दिलं की फसवणुकीचं रूप मालाच्या तक्रारीसारखं होतं, आणि असल्या तक्रारी दिवाणी म्हणून बाजूला पडतात. चाचांनी पत्रा उचलतानाचे फोटो, स्टिकर खरवडलेला फोटो आणि सगळे मेसेज छापून नेले. त्यात विकणाऱ्यानं 'ओरिजिनल सर्फ्रेटर' असं लिहिलेला मेसेजही होता. तो दाखवल्यावर एका तरुण अधिकारीणबाईंनी ऐकून घेतलं आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि आयटी कायद्याचं 66ड लावून गुन्हा नोंदवला. पैसे अजून आलेले नाहीत. गिटार मुद्देमाल म्हणून जमा आहे.

नाशिकच्या मुलानं दहा हजार टोकन आदल्याच संध्याकाळी दिलं होतं. त्याला यातलं काहीच सांगत बसलो नाही. एवढंच म्हटलं, व्हिडिओ लाव, आवाज बंद कर, आणि बाराव्या रेषेजवळ बोट कुठं पडतंय बघ.

बराच वेळ काही आवाज नाही. मग हळूच म्हणाला, "काका, मागे पडतंय."

म्हटलं, फोन ठेव आणि 1930 लाव, आत्ता.