टेकऑफ सर्व्हेलन्स: एअरबसची चूक पकडणारी सोय

मेलबर्न, 20 मार्च 2009. एमिरेट्सच्या ए340-500 या एअरबस विमानासाठी टेकऑफचा हिशेब करणाऱ्या लॅपटॉपवर वजन 362.9 ऐवजी 262.9 टन टाइप झाले. एकच आकडा! टेकऑफचे वेग आणि थ्रस्ट (इंजिनांचा जोर) दोन्ही कमी निघाले, शेपूट धावपट्टीवर घासले. एअरबस विमानांतली ‘टेकऑफ सर्व्हेलन्स’ ही सोय अशाच चुकांसाठी आहे. व्ही-वन (टेकऑफ थांबवायचे की नाही हे ठरवण्याचा वेग), व्ही-आर (नाक उचलण्याचा वेग), व्ही-टू (सुरक्षित चढाईचा वेग) यांचा क्रम बिघडला किंवा भरलेल्या वजनाला वेग फारच कमी असला, तर वैमानिकांना संदेश येतो. सोय कामाची, पण भोळी: एफएमएसमध्येच (विमानातल्या उड्डाण-संगणकात) चुकीचे, तरी शक्य वाटणारे वजन भरले तर तिला सगळे ठीकच दिसते. त्यामुळे ग्रीन डॉट वेग (फ्लॅप्स मिटलेले असताना हवेचा अवरोध सर्वात कमी असतो तो वेग) लॅपटॉप आणि एफएमएसमध्ये जुळवून पाहाच. तो वजनावर ठरतो. मोठा फरक दिसला, की लोडशीट (विमानाच्या वजनाचा तक्ता) पुन्हा उघडा.