होडीमागं ल्युअर ओढायचं तर पेट्रोल इंजिन की बॅटरीची मोटर?

होडी घेतली की दुसऱ्याच आठवड्यात हा प्रश्न पुढ्यात येतो. वल्ही मारत ट्रोलिंग करायची, म्हणजे चालत्या होडीमागं ल्युअर (गळ लावलेला नकली मासा) ओढत फिरायची हौस तासाभरात फिटते. माझ्याकडं आधी दोन-अडीच हॉर्सपॉवरचं, हवेवर थंड होणारं एक सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. तीन हंगाम वापरलं. आता दोन वर्षं बारा व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या जोराची) मोटर आहे. होडी तीच, बारा फुटी फायबरची. तलावही तोच, पन्हाळ्याच्या अंगाला, ठेकेदार मच्छीमार संस्थेची परवानगी काढून. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडं फक्त एक वही आहे, आणि मासा लागला नाही त्या दिवशी ती उघडायचीच राहते. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबानं घ्या.

आवाजानं मासा पळतो का, यावर आमच्यात दोन तट आहेत. ‘पळत नाही’ म्हणणारे लगेच मालवणचा दाखला देतात: डिझेल इंजिनाच्या धडधडीमागं सुरमई लागतेच की! खरं आहे. पण तिथं पाणी खोल, समुद्र मोकळा आणि सुरमई स्वतःच वेगानं पाठलाग करणारी. आपल्या तलावाच्या कडेला पाणी सहा-सात फूट. होडी डोक्यावरनं गेली की मासा बाजूला सरकतो, आणि ल्युअर तिथं पोचतं ते पंचवीस-तीस मीटर मागनं. मधल्या वेळात तो परत जागेवर आला, तरच काही खरं.

लहानपणी रंकाळ्यावर काका ‘बोलू नकोस, मासं पळतील’ म्हणून दटावायचे. बोलण्यानं काही होत नाही. हवेतला आवाज पाण्याला आपटून बहुतेक सगळा परत फिरतो. पण होडीच्या तळाला पक्कड पडली तर तो ठोका थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त. फायबरची होडी म्हणजे पालथी घातलेली हलगीच. इंजिनाची थरथर मागच्या फळीतनं तळात आणि तळातनं पाण्यात उतरते.

मासाही कुठला, हे बघायला लागतं. रोहू, कटला आणि शिवडा यांच्या पोटातली हवेची पिशवी कानाला बारक्या हाडांच्या साखळीनं जोडलेली असते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० मध्ये तिचं वर्णन केलं. त्यामुळं ही मंडळी कानानं तिखट. मरळीला ती हाडं नाहीत. शिवड्यासाठी ट्रोलिंग करत असाल तर आवाजाला जरा जास्त किंमत द्या, एवढंच म्हणतो.

माझ्या अनुभवात एकसुरी आवाजाला मासा सरावतो, बदलाला दचकतो. आणि माझ्या पेट्रोल इंजिनाची गोची नेमकी तिथं होती. ट्रोलिंगच्या मंद चालीवर त्याचा क्लच धर-सोड करायचा. घुर्रर्र, मग नुसतीच धडधड, परत घुर्रर्र. मोटरीत हे नाही, मात्र पाच ठरावीक वेगांची घेतली तर प्रत्येक खटक्याला सूर बदलतो. मी सलग वेग बदलणारी घेतली. तिची बारीक शिट्टी कान दिला तर ऐकू येते.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय माशांच्या कानावरनं झालाच नाही. नोव्हेंबरातली सकाळ, पाण्यावर धुकं. रॉड कडेच्या होल्डरमध्ये, इंजिन चालू, आणि रॉडचा शेंडा सारखा थरथरतोय. मेहुणा म्हणाला, “दाजी, रॉडला थंडी वाजतीया का काय?” ल्युअर नीट चालत असलं की शेंड्यावर त्याची ठरावीक टकटक दिसते. इंजिनाच्या थरथरीत ती पार बुडून गेली होती. अर्ध्या तासानं लाईन ओढली तर ल्युअरला जलपर्णीचं मूळ गुंडाळलेलं. मूळ सोडवलं तर खाली रंगावर बारीक ताजे ओरखडे, एका रेषेत. कुणीतरी चावून गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नाही.

मग उद्यमनगरातनं कन्व्हेअर बेल्टच्या रबराचा तुकडा आणून क्लॅम्पखाली घातला. तांब्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं थांबली, शेंडा काही थांबला नाही. रॉड हातात धरला तर इंजिनाच्या हँडलवरचा दुसरा हात बधिर. त्यात ब्रेड लाईन (बारीक धाग्यांची विणलेली दोरी) फारशी ताणली जात नाही, त्यामुळं खालचं सगळं वर आणून देते. पण वर आधीच गोंगाट असेल तर काय उपयोग? मोटर लावली त्या पहिल्या दिवशी तळाचा दगड, मूळ आणि मासा, तिन्ही वेगवेगळे कळले.

पेट्रोलच्या बाजूनंही बोलायला हवं. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की माझी मोटर जागच्या जागी घाम गाळते. इंजिन असताना हा विचारही मनात येत नव्हता. फुल वेगात मोटर पन्नासएक अँपिअर खाते, म्हणजे शंभर अँपिअर-अवरची बॅटरी दोन तासांत संपली. मंद चालीवर मात्र सकाळ आरामात निघते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी न्यायचा नाद करू नका, ती पन्नास किलोच्या वर भरते. लिथियमची बारा-तेरा किलोची मिळते, खिसा मात्र हलका होतो.

आणि मोटर अचानक थरथरायला लागली तर आधी पंखा काढून बघा. मागं दांड्याला तंगूस गुंडाळलेला असतो, तो पाणी अडवणारं सील कापत आत घुसतो. माझा एकदा नखानं सुटेना, ब्लेड लावावं लागलं.

मोठा तलाव, लांबचं अंतर, वाऱ्याची जागा असेल तर इंजिन घ्या, मी अडवणार नाही. कडेकडेनं हळू फिरून शिवडा शोधायचा असेल तर माझं मत एव्हाना कळलंच असेल.

माझं जुनं इंजिन मेहुण्यानं नेलंय. गेल्या महिन्यात त्यानं त्याच्यावर साडेतीन किलोचा शिवडा काढला. ठोका कसा कळला म्हणून विचारलं, तर म्हणतो, “कळला कुठं दाजी, रॉडच पाण्यात निघाला होता.”