ऐरोलीची फ्लेमिंगो बोटफेरी: आधी भरती बघा, मग तारीख ठरवा

ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांसाठी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी ही तासाभराची फेरी मुंबईकरांनी एकदा तरी करावीच. अभयारण्य २०१५चं, २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

इथे घड्याळ चालतं ते भरती-ओहोटीचं. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की बोट चिखलात रुतेल. उलट अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखल पूर्ण बुडतो, पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही आणि थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे उडून जातात. पाणी अर्धंअधिक चढलेलं असताना खरी मजा: उरलेल्या चिखलाच्या पट्टीवर सगळे दाटीवाटीने उभे! अष्टमीच्या आसपास भरती बेताचीच चढते, म्हणून तेव्हाची, सकाळची फेरी मागा. मुंबई बंदराच्या वेळा पाहून हिशेब करू नका. खाडीत आत भरती उशिरा पोचते.

फेब्रुवारी-मार्च उत्तम. चोच नीट बघा: गडद, जवळजवळ काळपट लाल असेल तर छोटा रोहित, फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर मोठा. करड्या रंगाची ती पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. तिवरांच्या कडेला तुतारी पक्षी, बगळे दिसतात; कोल्हा दिसला तर नशीबच.

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. बोट हलते, त्यामुळे ट्रायपॉड निरुपयोगी; कॅमेऱ्याचा शटर-वेग १/१००० सेकंदापेक्षा जलद ठेवा. थवा माना उंचावून एका दिशेने चालू लागला की तो बिचकलाय, तेव्हा बोट आणखी पुढे न्यायचा आग्रह कृपया धरू नका.