जुन्या फ्रीजची वाळवणपेटी: दोन वर्षांच्या वापरानंतर

व्यासाच्या साधारण एक दशांश जाडी राखून ओल्या लाकडातून लेथवर कातलेला कच्चा वाडगा नुसता फळीवर ठेवला, तर अखेरच्या कातकामाजोगा व्हायला त्याला सहा महिने, कधी वर्षही लागते. बंद पडलेल्या फ्रीजच्या सांगाड्यातून घरीच तयार केलेल्या पेटीत माझे वाडगे पाच-सहा आठवड्यांत वाळतात, म्हणून तिच्याविषयी मी मनापासून अनुकूल मत देतो.

तळाशी चिनी मातीच्या होल्डरमध्ये ६० वॅटचा तारेचा दिवा, त्यावर पत्र्याचा आडोसा, एक लहान पंखा, थर्मोस्टॅट आणि खाली-वर झडपेची भोके, एवढेच तिचे साहित्य. एलईडी दिवा येथे उपयोगाचा नाही. त्याची ऊब पुरत नाही. भिंतींतला फोम ऊब धरून ठेवत असल्याने दिवा थोडाच वेळ जळतो.

पेटीचा खरा गुण मात्र उष्णतेत नसून झडपांत आहे, आणि हे मला एक चांगला वाडगा गमावून कळले. पहिल्याच खेपेस मी सगळी भोके उघडी ठेवून तापमान ४५ अंशांवर नेले. तिसऱ्या दिवशी, जिथे तंतूंची टोके उघडी पडतात तिथे, काठापासून आत उतरलेली केसासारखी भेग दिसली. आतले लाकूड ओले आणि फुगलेलेच असताना वरचा थर वाळून आकसू पाहतो, तेव्हा तो फाटतो. आता मी त्या टोकांना मेण लावतो, पहिला आठवडा भोके जवळजवळ बंद आणि तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवतो, आणि दाराच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब धरले की निर्धास्त होतो. पुढे दर आठवड्याला झडपा थोड्या उघडत ४० अंशांपर्यंत जातो.

वाळल्याची खूण वजनात असते. प्रत्येक वाडग्याच्या बुडावर मी पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहितो. गेल्या खेपेचा एक वाडगा १,८४० ग्रॅमवरून उतरत ११९० वर आला आणि सलग तीन वजनांत तिथेच राहिला, तेव्हाच तो बाहेर काढला. तो लंबगोल झाला होता, पण वर्षवलयांच्या दिशेने लाकूड त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसत असल्याने ते अपेक्षितच होते, आणि राखलेली जाडी त्यासाठीच असते.

खोडाचा मधला गाभा आत राहिलेला वाडगा या पेटीतही बहुधा तडकतो. फ्रीजच्या नळ्यांतला वायू जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय सांगाड्याला भोके पाडू नयेत, आणि आत लहान मूल अडकू नये म्हणून दाराची कडी आधीच काढून टाकावी.