अर्धा दिवस मोकळा आहे, मग बाग कुठली?

मोठ्या शहरातल्या हिरव्या जागांच्या यादीत सगळं एकाच रांगेत बसवलेलं असतं: बोटॅनिकल गार्डन, मध्यवर्ती पार्क, जुन्या रेल्वेमार्गावरची बाग, शहराला लागून असलेलं जंगल. निवडताना मात्र नाव किंवा आकार बघू नका. ऊन किती असेल, चालायचं किती आणि सोबत कोण, एवढंच बघा.

अर्धाच दिवस असेल तर माझं मत बोटॅनिकल गार्डनला. झाडांवर नावाच्या पाट्या असतात, त्यामुळे आंबा आणि फणस सोडून काही ओळखता न येणाराही रमतो. हावड्याच्या १७८७ सालच्या बागेतला वडच घ्या. मूळ खोडाला बुरशी लागली म्हणून १९२५ मध्ये ते काढून टाकावं लागलं. आज झाड उभं आहे ते निव्वळ पारंब्यांवर. लांबून ती अख्खी राईच वाटते. भोवतीच्या रस्त्याने फिरायला लागलं की कळतं, हे सगळं एकच झाड आहे, आणि फांद्या तर रस्ताही ओलांडून गेल्या आहेत. लंडनच्या क्यू गार्डन्सला तिकीट पडतं, पण पाऊस आला तर काचघरं आहेत. सिंगापूरच्या बागेत प्रवेश फुकट, फक्त ऑर्किडच्या भागाला पैसे.

लहान मुलं सोबत असतील किंवा नुसतं लोळायचं असेल तर मध्यवर्ती पार्क बरं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ३४१ हेक्टरचं. दिसायला नैसर्गिक, पण तळीसुद्धा माणसाने केलेली! आडवे जाणारे रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेलेत, म्हणून गाड्या फारशा नजरेत येत नाहीत. फक्त या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा हट्ट नको, चार किलोमीटर होतात. एक कोपरा धरा आणि तिथेच बसा.

त्याच शहरातली हाय लाइन, म्हणजे मालगाड्यांच्या उन्नत मार्गावर २००९ पासून खुली झालेली बाग, मला जरा जास्तच गाजलेली वाटते. रुंदी कमी, गर्दी फार. वाटेत असेल तर जा, मुद्दाम नको.

बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळाचं झालेलं मैदान सायकलवाल्यांसाठी झकास, धावपट्टीवरून सुसाट जाता येतं. सावली मात्र जवळपास नाहीच. वयस्कर माणसांना घेऊन भर दुपारी तिथे जाऊ नये.

राहिलं जंगल. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरहून मोठं, आत बिबटे आणि कान्हेरीची लेणी. लेणी धरली तर सकाळी लवकर निघून पुरा दिवस ठेवावा लागतो, आणि सोमवारी ते बंद असतं. अर्ध्या दिवसात उरकायचं असेल तर यंदा राहू द्या.